जुना पिंजरा रंगवू, बाजारातला घेऊ की बनवून घेऊ? (कॉनूर, नागपूर)

सदरची_मैना

नमस्कार मंडळी. आमच्याकडे ग्रीन चीक कॉनूर आहे, म्हणजे छोट्या जातीचा परदेशी पोपट, नाव पिस्ता. त्याचा पिंजरा गॅल्व्हनाइज्ड जाळीचा आहे आणि मागच्या पावसाळ्यापासून बिघडत चालला आहे. जाळीवर पांढरट भुकटी धरते, पुसली तरी परत येते. खालच्या दोन कोपऱ्यांत तांबूस गंज दिसतो. पिस्ता दिवसभर चोचीने जाळी धरून चढत-उतरत असतो. ते सगळं त्याच्या तोंडात जात असणार, हा विचार मनातून जात नाही.

घरात तीन मतं आहेत. यांचं म्हणणं, पॉलिश पेपरने घासून ऑइल पेंटचा हात मारू. सासूबाईंना दुकानातला घुमटाचा गोल पिंजरा आवडला आहे, दिसायला तो खरंच सुंदर आहे. मला वाटतं, इतवारीत लोहा ओळीतून सामान आणून कुणाकडून तरी पक्का बनवून घ्यावा.

घर सदरला, तिसऱ्या मजल्यावर. मार्च संपला की हॉलच्या खिडकीत कूलर लागतो. बाल्कनी पश्चिमेची, मे महिन्यात दुपारनंतर तिथे उभं राहवत नाही. माप, धातू, जागा, सगळ्यावर सांगा.

लोखंडी_माणूस

हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामात माझं आयुष्य गेलं, आणि घरी कॉकाटीलची जोडी आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो: रंगवू नका.

ती पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचा गंज. गॅल्व्हनाइज्ड जाळी म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. ओल लागत राहिली की जस्त पांढरं पडून सुटतं, आणि थर संपला की खालचं लोखंड तांबूस होतं. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय, म्हणजे कोपऱ्यांत थर संपला आहे आणि बाकी ठिकाणी संपायच्या मार्गावर आहे. जस्तावर ऑइल पेंट नीट धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रे सुटतात, आणि पोपटाला पापुद्रा दिसला की तो सोलणारच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घातली आहे. पण कारखान्यात यंत्रांना मारायचे रंग त्या नियमाखाली येत नाहीत, आणि सुट्या डब्यात काय आहे हे दुकानात कुणी विचारत नाही. जिथे चोच लागणार तिथे ब्रश लावायचाच नाही.

बनवायचाच तर स्टेनलेस स्टील, ग्रेड ३०४. २०२ स्वस्त पडतं, पण आंघोळीचं पाणी आणि विष्ठा यांनी त्यावर डाग धरून पुढे गंज येतो. चुंबक लावून ओळखतो म्हणणाऱ्यावर विसंबू नका, कारण ३०४ आणि २०२ दोन्हींना चुंबक जवळजवळ धरतच नाही. स्टीलवाल्यांकडे तपासायचं द्रावण असतं, थेंब टाकून रंग पाहतात. ते समोर करून घ्या आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

पशुवैद्य_वाठोडा

पिंजऱ्याआधी पिस्ताचं बघू. जास्त पाणी पितो का? विष्ठेत पाण्याचा भाग वाढला आहे का, किंवा ती गडद हिरवी होते का? खाल्लेलं उलटून टाकतो, सुस्त बसतो, वजन उतरलं आहे, पकड सैल पडली आहे, यातलं काही? जस्ताच्या विषबाधेत ही लक्षणं दिसतात, आणि पुढच्या टप्प्यात झटके येतात. यातलं एक जरी असेल तर पिंजऱ्याचा विषय बाजूला ठेवून आधी पक्षी दाखवा. एक्स-रेमध्ये पोटातले धातूचे कण दिसू शकतात, रक्तातलं जस्त मोजता येतं, आणि धातू शरीराबाहेर काढणारी औषधं आहेत. सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, किंवा पक्षी हाताळणारा तुमचा नेहमीचा डॉक्टर. घरगुती उपायात वेळ घालवू नका.

आणि हे फक्त जुन्या जाळीचं नाही. कोऱ्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवर जस्ताचे थेंब गोठलेले असतात, पक्षी ते खुडून गिळतो. इंग्रजीत याला ‘न्यू वायर डिसीज’ असंच नाव आहे.

सदरची_मैना

खाणं-पिणं, विष्ठा सगळं नेहमीसारखं आहे. तरी शनिवारी दाखवून आणतो. तोवर जाळी व्हिनेगरने घासली तर चालेल का?

पशुवैद्य_वाठोडा

घासा. पांढरं व्हिनेगर आणि कडक ब्रश, मग भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवा, पक्षी दुसऱ्या खोलीत ठेवून. वरवरचं सुटं जस्त निघेल. पण त्याने जाळी सुरक्षित झाली असं मानू नका, खालचा थर पुन्हा सुटणारच. नवीन पिंजरा येईपर्यंतच्या दिवसांसाठी हा उपाय आहे. त्या दिवसांत त्याला जास्तीत जास्त वेळ बाहेर स्टँडवर ठेवा.

वऱ्हाडी_राघू

ताई, मापाचं मी सांगतो. गोल पिंजरा घेऊच नोका. सासूबाईले नीट समजावून सांगा. पाखरू आडवं उडते, उभं नाई उडत, म्हून रुंदी पायजे, उंची मंग. गोल पिंजऱ्यात पाखराले कोपराच भेटत नाई. भेव वाटलं तं पाठ टेकवून बसाले जागा नाई. अन् घुमटाच्या टोकाशी गज एकमेकाले भिडत जाते, तेथं बोट अटकते, नख अटकते.

कॉनूरले दोन फूट रुंद अन् दोन फूट खोल, याच्या खाली जाऊच नोका. घरात जागा असन तं तीन फूट रुंद करा. पाखरानं दोनी पंख पसरले तरी जाळीले लागले नाई पायजे, खेळणे लटकवल्यावर सुदा.

गजाच्या मंधातली जागा पायजा. बजरीगर, लव्हबर्डले अर्धा इंच. कॉनूरले अर्धा ते पाऊण इंच. आफ्रिकन ग्रेले पाऊण ते एक. डोकं भायेर निघन एवढी जागा ठेवली तं जीव जाते पाखराचा. दोन बाजूचे तरी गज आडवे पायजे, चढाले.

लोखंडी_माणूस

राघूभाऊंनी बरोबर सांगितलं. तुमच्या पिस्तासाठी ३६ इंच रुंद, २४ खोल, ३६ उंच, गजांत पाऊण इंचाच्या आत अंतर, तार ३ मिलिमीटर. कॉनूर आकाराने लहान असला तरी चोच ताकदीची असते, बारीक तार वाकवून सांध्यातून सोडवतो. सांधे आर्गॉन वेल्डिंगचे करून घ्या. साध्या वेल्डिंगला मसाला उडतो आणि त्याचे टोकदार दाणे गजावर बसतात. काम झाल्यावर तळहात आतल्या सगळ्या सांध्यांवरून फिरवा. जिथे हाताला टोचेल तिथे त्याच्या पायाला टोचेल, तेवढं ग्राइंडर आणि बफ मारूनच ताब्यात घ्या.

चौकटीला चौकोनी पाइप वापरला तर त्याची तोंडं बंद करून घ्या. उघडी राहिली की आत पाणी साचतं आणि झुरळं घर करतात.

दार वर सरकणारं नको. पक्षी चोचीने उचलतो, मान बाहेर काढतो, आणि दार सुटून मानेवर पडतं. बिजागरीचं, बाजूला उघडणारं दार करा आणि कडीला स्टीलचा स्क्रूवाला हुक लावा, कारण नुसती कडी कॉनूर उघडायला शिकतो.

मानेवाडा_बजरी

मी शिकतोय, रूमवर बजरीगरची जोडी आहे. ३०४ चा पिंजरा माझ्या खिशात बसत नाही. पावडर कोटिंगवाला (भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवलेला) तयार पिंजरा घेतला तर पक्ष्यांशी वाईट वागतोय असं होईल का?

लोखंडी_माणूस

अजिबात नाही. बजरीगरची चोच कॉनूरसारखी कोटिंग फोडत नाही. चांगला भाजलेला पावडर कोट त्यांच्यासाठी ठीक आहे. घेताना सांधे बघा, कोटिंग पातळ राहतं ते तिथेच. नखाने खरवडून पापुद्रा निघत असेल तर दुसरा बघा. जोडीसाठी ३० इंच रुंद, १८ खोल, १८ उंच असा आडवा मिळाला तर उत्तम. उंच, अरुंद, वर झोपडीचं छप्पर असलेले टाळा. आणि दर आठवड्याला धुताना बघत जा. जिथे कोटिंग उडून लोखंड दिसलं तिथे पिंजऱ्याचे दिवस भरत आले असं समजा.

फुटाळा_पहाट

याच धाग्यात विचारते. शेजारच्या आजींकडे मिठू आहे. आपला हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला. अगदी छोट्या लोखंडी पिंजऱ्यात, पंख पसरता येत नाहीत. आम्ही काही जणींनी मिळून त्यांना मोठा पिंजरा द्यायचं ठरवलं आहे. वरची मापं त्यालाही चालतील का?

वनवाट

ताई, तुमची कळकळ समजते, पण त्या पक्ष्यासाठी पिंजरा घेऊ नका. कंठवाला पोपट, मोठा पहाडी पोपट, लालसर-जांभळ्या डोक्याचा तोता, हे आपले रानातले पक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे ते पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. घरी कितीही प्रेमाने ठेवला तरी. बाजारात येणारी पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात, आणि एक पिल्लू माणसाच्या घरी पोचेपर्यंत किती मरतात ते कुणी मोजत नाही.

आजींना घाबरवून सांगू नका. सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. जखमी आणि सोडवलेल्या वन्यप्राण्यांवर तिथे उपचार होतात. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. आधी बोलून घ्या, आजींना सोबत घेऊन जा.

एक मात्र करू नका. पुण्य लागेल म्हणून फुटाळ्यावर नेऊन पिंजऱ्याचं दार उघडू नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसतं, खाणं शोधता येत नाही, माणसाला भीत नाही. कावळे आणि मांजरं त्याला संध्याकाळ बघू देत नाहीत. सोडण्याजोगा आहे की नाही हे माहीतगारांनी ठरवायचं.

मैनाताई, तुमचा कॉनूर परदेशी असला तरी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला आहे. २०२४ च्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. राहिली असेल तर वनविभागात विचारून मार्गी लावा. बजरीगर, कॉकाटील आणि पीच फेस लव्हबर्ड त्या यादीत नाहीत.

फुटाळा_पहाट

धन्यवाद. हे माहीत नव्हतं. आजी एकट्या असतात, मिठूशी दिवसभर बोलतात. त्यांना कसं सांगायचं ते बघते. घाईने नाही, पण सांगते.

गोकुळपेठी

जागेबद्दल कुणी बोललंच नाही, आणि नागपुरात पक्षी जातात ते बहुतेक जागेमुळे.

पश्चिमेची बाल्कनी विसरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पिंजऱ्यातला पक्षी सावलीत सरकू शकत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकतोय, पंख अंगापासून लांब धरलेत, असं दिसलं की उष्णता सोसत नाही असं समजायचं. लगेच गार जागी न्यायचं, पायांवर साध्या पाण्याचा फवारा मारायचा. बर्फाचं पाणी नाही.

कूलरच्या झोतातही ठेवू नका. खोलीत हवा खेळावी, पिंजऱ्यावर थेट आदळू नये. कूलरची गवताची पॅड दर हंगामाला बदला आणि टाकीतलं पाणी शिळं होऊ देऊ नका. ओल्या जुन्या पॅडला बुरशी धरते, तीच हवा पक्ष्याच्या फुप्फुसात जाते, आणि पोपटांना श्वसनाचा बुरशीजन्य आजार फार वाईट होतो.

स्वयंपाकघरात तर कधीच नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरतो, माणसाला वासही येत नाही. आमच्या ओळखीत दोन लव्हबर्ड असे गेले. डास अगरबत्ती, कॉइल, धूप, रूम फ्रेशनर पिंजऱ्याच्या खोलीत नको. देवघर हॉलमध्येच असेल तर धूप आतल्या खोलीत फिरवा, देव रागावणार नाही.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली असावी. चारही बाजू मोकळ्या असल्या की पक्षी सतत सावध राहतो. उंची अशी की त्याचा दांडा तुमच्या छाती-खांद्याच्या पातळीला येईल.

अंबाझरी_सकाळ

बाल्कनी पूर्ण बंद नको ना. काचेतून आलेल्या उन्हात त्यांना हवे ते किरण नसतात, ते काचेत अडतात. आमच्याकडे सकाळी सातच्या आत पिंजरा अर्धा तास बाहेर असतो, अर्धा भाग सावलीत ठेवून.

गोकुळपेठी

सकाळचं कोवळं ऊन, माणूस समोर बसलेला, हे चालेल. माझा विरोध दिवसभर टांगून ठेवण्याला आहे. बोका तिसऱ्या मजल्यावरही येतो आणि जाळीतून पंजा घालतो.

वऱ्हाडी_राघू

दांड्याचं राहून गेलं. दुकानातले गोल गुळगुळीत दांडे सगळे एकाच जाडीचे रायते, तेच्यावर उभं राहू राहू पायाच्या तळव्याले फोड येते. सँडपेपरची नळी तं लावूच नोका, तळवा सोलते. पेरूच्या फांद्या आणा, साल सकट, कमी-जास्त जाडीच्या. औषध मारलेल्या झाडाच्या नोको. धुऊन, उन्हात वाळवून लावजा. कडुनिंबाचीबी चालते. कण्हेराची, रुईची फांदी पिंजऱ्याच्या आसपास नोको. दाण्या-पाण्याच्या वाटीवर दांडा नोको, घाण वाटीत पडते. झोपाचा दांडा सगळ्यात वर.

सदरची_मैना

खूप मदत झाली. पिस्ताला दाखवलं, डॉक्टर म्हणाले प्रकृती चांगली आहे, पिंजरा बदलाच. लोखंडी_माणूस यांच्या मापाने ३०४ चा पिंजरा करायला दिला आहे. आता रोजच्या साफसफाईचं सांगा. आम्ही फिनाइलच्या पाण्याने ट्रे पुसतो, ते योग्य आहे का?

अंबाझरी_सकाळ

फिनाइल आजपासून बंद करा. पक्ष्यांना ते विषारी आहे, वाससुद्धा.

ट्रेमध्ये रोजचा वर्तमानपत्राचा कागद घाला. भुसा, लाकडाचा चुरा नको. ओला झाला की बुरशी धरते, आणि विष्ठा त्यात लपते. कागदावर विष्ठेचा रंग आणि प्रमाण रोज समोर दिसतं, आजार सगळ्यात आधी तिथे कळतो. कागद काढण्याआधी त्यावर थोडं पाणी शिंपडा. वाळलेल्या विष्ठेची धूळ उडून आपल्याला सिटाकोसिस (पक्ष्यांपासून माणसाला होणारा फुप्फुसांचा संसर्ग) होऊ शकतो. घरात लहान मूल किंवा दमेकरी असेल तर मास्क लावूनच करा.

वाट्या स्टीलच्या ठेवा, रोज घासा. उन्हाळ्यात पाणी दिवसातून दोनदा बदला. भिजवलेलं कडधान्य, फळ दोन तासांनी उचला, नागपूरच्या उन्हाळ्यात ते लगेच आंबतं.

आठवड्यातून एकदा साबण आणि गरम पाण्याने पूर्ण धुणं. महिन्यातून एकदा ब्लीच: एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली, घाण आधी काढून मग लावायचं, दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवायचं, उन्हात वाळवायचं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच करू नका, विषारी वायू निघतो.

मुंग्यांसाठी खडू किंवा स्प्रे वापरू नका. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की काम होतं.

मानेवाडा_बजरी

एकाने मला जुना मोठा पिंजरा फुकट देऊ केला आहे, त्यांचा पक्षी मागच्या महिन्यात गेला. घेऊ का?

पशुवैद्य_वाठोडा

पक्षी कशाने गेला हे आधी विचारा. चोच-पिसांचा विषाणूजन्य आजार असेल तर त्याचे विषाणू वस्तूंवर फार काळ टिकतात आणि साध्या धुण्याला दाद देत नाहीत. कारण माहीत नसेल तर घेऊ नका. शिवाय मोठ्या पक्ष्याच्या पिंजऱ्याचं गजांतलं अंतर बजरीगरला जीवघेणं ठरेल.

सदरची_मैना

पिंजरा आला. काम सुरेख झालं आहे, हात फिरवून सगळे सांधे पाहिले, दोन जागी टोचलं ते तिथेच घासून घेतलं. पण पिस्ता त्याच्याकडे बघायलाही तयार नाही. जवळ नेलं की किंचाळतो, पिसं चपटी करून मागे सरकतो. उचलून आत ठेवावं का?

वऱ्हाडी_राघू

नोको ताई! जबरदस्ती केली तं नव्या पिंजऱ्याचं भेव कायमचं बसन. दोनी पिंजरे शेजारी ठेवा, दारं समोरासमोर. पयले दूर ठेवा, मंग रोज थोडं थोडं जवळ आणा.

अंबाझरी_सकाळ

आधी नव्या पिंजऱ्यात त्याची ओळखीची वस्तू घाला: जुना दांडा, आवडतं खेळणं, त्याचीच वाटी. मग आवडीचा खाऊ नव्या पिंजऱ्याच्या दाराशी, नंतर आत. नवा पिंजरा जुन्याच्याच जागी आणि त्याच उंचीवर शेवटी यायला हवा. पहिली रात्र संध्याकाळच्या अंधारात सुरू करू नका. सकाळी आत जाऊ दे, दिवसभर बाहेर-आत करू दे. दहा-बारा तास शांत झोप मिळते ना ते बघा, वर सुती कापड घाला पण एक बाजू हवेला उघडी ठेवा.

एक आणखी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक आणि दिवाळीचे फटाके, या दिवसांत पिंजरा बदलायचं, हलवायचं काही काढू नका. सदरला मारबतीचा आवाज पोचत नसेल, पण महाल-इतवारीकडच्या वाचकांसाठी सांगते.

सदरची_मैना

पिस्ता आता नव्या पिंजऱ्यातच झोपतो. जुना दांडा आत लावल्यावर आधी नुसतं डोकं घातलं, मग डाळिंबाच्या दाण्यांसाठी आत गेला. आता आडवा एका दांड्यावरून दुसऱ्यावर झेप घेतो, जे जुन्या पिंजऱ्यात त्याला करताच येत नव्हतं. सासूबाई रोज ते बघत बसतात. सगळ्यांचे मनापासून आभार.

जुना पिंजरा मैत्रीण मागते आहे, तिला लव्हबर्ड घ्यायचे आहेत. देऊ का?

लोखंडी_माणूस

देऊ नका. जे पिस्ताला नको ते लव्हबर्डलाही नको, आणि ती जाळी जस्त सोडणारच. कबाड्याला वजनावर द्या, पण आधी दार कापून वेगळं करा, म्हणजे कुणी तो पुन्हा पिंजरा म्हणून विकणार नाही. मैत्रिणीला हा धागा पाठवा. आणि तिला म्हणावं, पक्षी घरी यायच्या आधी पिंजरा बनवून घ्या. मापं लागली तर इथेच विचारा, लव्हबर्डच्या जोडीसाठी अर्ध्या इंचाच्या अंतराची जाळी धरून काढून देतो.